'गुड न्यूज कधी?' विचारणाऱ्या नाशिककर आई-बाबांना खुलं पत्र

नाशिकमधले समस्त काका-काकू, व्याही आणि विहीणबाई, ज्यांची मुलं, सुना, लेकी, जावई बाहेर आहेत त्या सगळ्यांना नमस्कार.

मी नाशिकच्या एका खाजगी हॉस्पिटलात कॅशलेसच्या डेस्कला बसते. नाव लिहीत नाही, हॉस्पिटलचंही नाही, कारण हे पत्र त्यांच्या वतीने नाहीये. माझं काम म्हणजे प्री-ऑथ, म्हणजे उपचाराआधी विम्याची मंजुरी मागायचा अर्ज, पाठवायचं, टीपीएवाल्यांच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्यांच्या, क्वेरीला उत्तरं द्यायची आणि डिस्चार्जच्या दिवशी 'अजून अप्रूव्हल कसं आलं नाही' म्हणून नातेवाइकांचं ऐकून घ्यायचं. पण गेल्या काही वर्षांत एक वेगळंच काम मागे लागलंय. तुमच्यातलंच कोणीतरी मोतीबिंदूच्या नाहीतर गुडघ्याच्या क्लेमसाठी येतं, काम झालं की खुर्ची पुढे ओढतं, मोबाईल काढतं आणि म्हणतं, मॅडम जरा हे बघता का, पोराने पाठवलंय, सुनेच्या डिलिव्हरीचं तिकडचं बिल आहे.

इंदिरानगर घ्या, गंगापूर रोड घ्या, सिडको घ्या, कुठल्याही सोसायटीत एक तरी पोरगं बाहेर आहेच, कोणी अमेरिकेत आयटीत, कोणी सातपूर-अंबडच्या कंपनीतून जर्मनीला डेप्युटेशनवर, कोणी दुबईला टेक्निशियन. लग्न झालं, व्हिसा आला, की सहा महिन्यांत तुमचा व्हिडिओ कॉलवर तोच प्रश्न, मग काय, गुड न्यूज कधी? तर माझं म्हणणं एवढंच आहे की हा प्रश्न विचारायच्या आधी पॉलिसीत मॅटर्निटी आहे का, कधीपासून आहे आणि किती आहे हे विचारा, आणि ते सुनेला नका विचारू, मुलाला विचारा. मूल कधी हा त्या दोघांचा मामला आहे, त्यात तुमचं-आमचं काही काम नाही. पैशाचं मात्र तुम्ही विचारू शकता कारण अडलं की फोन शेवटी तुम्हालाच येतो आणि मग एफडी मोडायला तुम्हीच बँकेत जाता.

सगळ्यात आधी एक गैरसमज. 'आमची पंधरा वर्षं जुनी फॅमिली फ्लोटर आहे, मुलाचं नाव अजून काढलेलं नाही' असं छाती फुगवून सांगणारे काका दर आठवड्याला भेटतात. काका, ती पॉलिसी इथल्या उपचारांसाठी आहे. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी भारतातल्याच हॉस्पिटलचं बिल देतात, आणि लग्न झालेली सून त्यात आपोआप येत नाही, तिचं नाव घालावं लागतं. शिवाय आपल्याकडे स्वतः काढलेल्या पॉलिसीत मॅटर्निटी असलीच तर तिला वेटिंग असतं, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर तेवढा काळ थांबावं लागतं, कुठे नऊ महिने, कुठे दोन वर्षं, कुठे तीन-चार, आणि वर रकमेची मर्यादा. दुसरा गैरसमज ट्रॅव्हल इन्शुरन्सचा, जाताना विमानाच्या तिकिटाबरोबर काढलेला. तो अचानक आजारपणासाठी असतो, बाळंतपण काही अचानक येत नाही असं कंपनीचं म्हणणं, त्यामुळे नॉर्मल डिलिव्हरी त्यात बसत नाही. काहींमध्ये गुंतागुंत झाली तर थोडंफार मिळतं, पण त्याच्या अटी वाचल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

आता अमेरिका, कारण माझ्यासमोर येणारे निम्म्याहून जास्त कागद तिथलेच असतात आणि घाबरवणारेही तेच असतात. तिथल्या केएफएफ आणि पीटरसन या आरोग्यखर्चाचा अभ्यास करणाऱ्या संस्थांनी २०२२ मध्ये हिशोब मांडला होता, मोठ्या कंपन्यांच्या विम्यात असलेल्या बायकांचा. गरोदरपण, डिलिव्हरी आणि नंतरचं सगळं धरून सरासरी खर्च १८,८६५ डॉलर आणि त्यातले स्वतःच्या खिशातून गेलेले २,८५४ डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तरी एकूण सोळा लाख आणि खिशातून जवळपास अडीच लाख. सिझर झालं तर एकूण आकडा २६,२८० डॉलरवर जातो. आणि हे चांगला विमा असताना बरं का, विमा नसताना काय होतं ते मी लिहीतच नाही.

तिथे एक गोष्ट मात्र चांगली आहे. कंपनीच्या विम्यात किंवा सरकारी मार्केटप्लेसवरून घेतलेल्या विम्यात गरोदर आहे म्हणून नाकारता येत नाही, २०१४ पासून तसा कायदाच लागू आहे, आणि आपल्यासारखं मॅटर्निटीला वेगळं वेटिंगही नसतं. पण गरोदर राहिलं म्हणून मधेच मार्केटप्लेसवर विमा घेता येत नाही, तिथल्या बहुतेक राज्यांत त्यासाठी ठरलेल्या तारखाच लागतात, किंवा नोकरी गेली, लग्न झालं, बाळ जन्मलं असं काही कारण लागतं. कंपनीत प्लॅन बदलायची मुभाही साधारण वर्षातून एकदाच, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, म्हणजे नेमकी आपल्या दिवाळीत. तेव्हा फराळाचं पार्सल पोचलं का हे विचाराल तेव्हाच हेही विचारा की पुढच्या वर्षी बाळाचा विचार असेल तर महिन्याचा हप्ता जास्त पण डिडक्टिबल (ते काय हे पुढे सांगते) कमी असलेला प्लॅन घेतलास का? पोरं हप्ता कमी दिसतो म्हणून मोठ्या डिडक्टिबलचा प्लॅन घेतात, तरुण आहेत, डॉक्टरकडे जातच नाहीत, त्यांचं बरोबर असतं, फक्त ज्या वर्षी डिलिव्हरी त्या वर्षी ते गणित उलटं पडू शकतं.

डिडक्टिबल म्हणजे काय ते सांगते कारण इथे प्रत्येक जण अडकतो. वर्षाच्या सुरुवातीपासून ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च आधी तुमचा, मग कंपनी द्यायला लागते, तीही पूर्ण नाही, साधारण ८०-९० टक्के, उरलेला वाटा परत तुमचाच, आणि हे सगळं मिळून एका कमाल आकड्यापर्यंत जातं, त्याला तिथे आउट ऑफ पॉकेट मॅक्सिमम म्हणतात. २०२५ साठी कायद्याने ही मर्यादा एका माणसाला ९,२०० डॉलर आणि कुटुंबाला १८,४०० डॉलर होती, कंपनीचा प्लॅन चांगला असला तर बराच कमी. हा आकडा त्या दोघांना तोंडपाठ पाहिजे. आणि गंमत अशी की बहुतेक प्लॅनमध्ये एक जानेवारीला मीटर परत शून्यावर येतं. जूनमध्ये टेस्ट पॉझिटिव्ह आली तर सोनोग्राफ्या, रक्ताच्या तपासण्या जुन्या वर्षात आणि डिलिव्हरी फेब्रुवारीत, म्हणजे डिडक्टिबल दोनदा भरा. आता यावरून कोणी मुहूर्त काढायला सांगत नाहीये (काही आजोबा काढतीलही), पण पैसे बाजूला ठेवताना दोन वर्षांचे धरून ठेवा.

मागे एक काका आले, निवृत्त शिक्षक, रात्रभर झोपले नव्हते. मोबाईलवर कागद, वर एकतीस हजार का काय डॉलरचा आकडा, त्यांनी मनातल्या मनात रुपये करून फ्लॅट विकायचा विचारही करून झालेला. मी कागद मोठा करून पाहिला तर वरच्या कोपऱ्यात ठळक अक्षरात लिहिलेलं, धिस इज नॉट अ बिल. विमा कंपनी आधी असा एक हिशोबाचा कागद पाठवते, ईओबी म्हणतात त्याला. हॉस्पिटलने किती लावले, ठरलेल्या दराने किती कमी झाले, कंपनीने किती दिले, आणि सगळ्यात खाली तुमच्या वाट्याला किती. काकांच्या सुनेच्या वाट्याला दोन हजार डॉलरच्या आतच होते. त्यामुळे वरचा आकडा बघून घाबरायचं नाही, खालचा बघायचा, आणि हॉस्पिटलचं खरं बिल आलं की ते त्या खालच्या आकड्याशी जुळतंय का तेवढं पोरांनी तपासायचं. जुळत नसेल तर आयटमवार बिल मागायचं, तो हक्क आहे. धर्मादाय दर्जाच्या हॉस्पिटलांना तिथे आर्थिक मदतीचं धोरण ठेवावंच लागतं, फॉर्म भरायला लाज वाटून घेऊ नये, आणि हप्तेही बऱ्याच ठिकाणी बांधून देतात. भूल देणारा डॉक्टर नेटवर्कबाहेरचा, म्हणजे विमा कंपनीशी दर ठरलेला नसलेला, निघाला म्हणून वेगळं मोठं बिल यायचं पूर्वी, जानेवारी २०२२ पासून नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात तसं लावता येत नाही.

आता बाळाबद्दल, हे नीट वाचा कारण इथे आपली मंडळी स्वतः घोळ घालतात. तिथे बाळ जन्मलं की ते वेगळं पेशंट, त्याचा वेगळा हिशोब. कंपनीच्या विम्यात त्याचं नाव जन्मापासून ३० दिवसांत घालावं लागतं, घातलं की कव्हर जन्मतारखेपासून धरतात. राहिलं तर पुढच्या ओपन एनरोलमेंटपर्यंत, म्हणजे वर सांगितलेल्या वर्षातून एकदाच्या मुभेपर्यंत, बाळ बिनविम्याचं, आणि एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, ठेवावं लागलेलं असेल तर विचारायलाच नको. आणि इकडे नाशकात काय चाललेलं असतं? गुरुजींनी अक्षर काढून दिलंय, आत्याला ते नाव आवडलेलं नाही, बारशापर्यंत थांबा, पंचवटीत अजून एकांना विचारू! अहो बारसं करा थाटात, पण तिकडे जन्मदाखल्यासाठी हॉस्पिटलमधून निघायच्या आतच नाव विचारतात आणि नॉर्मलला दोन दिवसांत घरी पाठवतात, १९९६ च्या कायद्याने नॉर्मलला ४८ तास आणि सिझरला ९६ तास एवढंच विम्याला द्यावं लागतं. तेव्हा अक्षराचा वाद सातव्या महिन्यात मिटवून टाका. सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे तिथला सरकारी ओळख नंबर, यायचीही वाट बघायची नसते, नंबर मागाहून देता येतो.

नोकरीचा मुद्दा कोणी काढत नाही पण काढायला हवा. विमा नोकरीला बांधलेला, आणि सुनेला सातवा महिना लागलेला असताना मुलाचा ले-ऑफ झालेले कागदही मी पाहिलेत. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत असाल तर कोब्रा म्हणून सोय आहे, तोच विमा साधारण १८ महिने पुढे चालवता येतो, ठरवायला ६० दिवस मिळतात, फक्त कंपनीचा वाटा पण आपणच भरायचा त्यामुळे हप्ता अंगावर येतो. सून स्वतः नोकरी करत असेल तर हेही लक्षात घ्या की आपल्याकडे २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा आहे, अमेरिकेत केंद्राच्या कायद्याने १२ आठवडे आणि तीही बिनपगारी, त्यासाठीही त्याच कंपनीत वर्षभर काम केलेलं पाहिजे. म्हणजे बिल येतं तेव्हाच एक पगार थांबलेला असतो. काही राज्यांत आणि बऱ्याच कंपन्यांत पगारी रजा मिळते, ते तिने एचआरला विचारून ठेवावं, तुम्ही नाही.

आखातातल्यांची गोष्ट वेगळी. दुबईत विमा सक्तीचा आहे, २०१३ च्या कायद्याने, आणि बेसिक प्लॅनमध्येही मॅटर्निटी असते पण तिला मर्यादा असते, खाजगी हॉस्पिटलचं बिल त्या मर्यादेच्या वर गेलं की फरक खिशातून. तिथली खरी अडचण कागदांची आहे. फॅमिली व्हिसाला लग्नाचा दाखला अटेस्ट केलेला लागतो, आणि यूएई अपॉस्टिल करारात, म्हणजे एका शिक्क्यावर एकमेकांचे कागद मानणाऱ्या देशांच्या करारात, नाहीये त्यामुळे नुसता अपॉस्टिलचा शिक्का चालत नाही, आधी मंत्रालय, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्यांचा दूतावास, अशी रांग आहे. आपल्याकडे लग्न हॉलवर दणक्यात होतं, नोंदणी मात्र 'करू नंतर'. आणि मग दाखल्यावर सासरचं नाव, पासपोर्टवर माहेरचं, स्पेलिंगमध्ये एक ए जास्त. लग्नानंतर सत्यनारायण होतो ना, त्याच आठवड्यात महापालिकेत जाऊन नोंदणी उरकून घ्या. बाळ झालं की दुबईत पहिले ३० दिवस ते आईच्या विम्यावर धरतात आणि १२० दिवसांत त्याचा व्हिसा करावा लागतो, नाहीतर रोजचा दंड. त्याआधी बाळाचा पासपोर्ट लागतो म्हणजे भारतीय वकिलातीत आधीच पळापळ.

बाकीचे देश भरभर सांगते. ब्रिटनला व्हिसाच्या वेळीच हेल्थ सरचार्ज भरलेला असतो, फेब्रुवारी २०२४ पासून माणशी वर्षाला १,०३५ पौंड, आणि मग सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण फुकट. पण व्हिजिटर म्हणून गेलेल्या बाईला तिथे सरकारी दराच्या दीडपट बिल लावतात, त्यामुळे 'डिपेंडंट व्हिसाला वेळ लागतोय तर तोपर्यंत व्हिजिटवर पाठवू' असलं काही करू नका. जर्मनीत सरकारी विमा असेल तर बाळंतपणाची काळजी नाही, सुईण घरी येऊन बाळ-बाळंतीण बघते तिचेही पैसे विमाच देतो, मात्र ती मिळणं अवघड, दिवस गेल्याचं कळलं की लगेच शोधायला लागावं. तिथे खाजगी विमा घेतलेल्यांनी आठ महिन्यांचं वेटिंग आहे का ते बघावं. जपानमध्ये नॉर्मल डिलिव्हरी हा आजारच धरत नाहीत त्यामुळे विमा बिल देत नाही, पण त्याच विम्यातून एप्रिल २०२३ पासून ५ लाख येन एकरकमी मिळतात, मोठ्या शहरात वरचे थोडे खिशातून जातात.

आता तुमचा आवडता मुद्दा, पहिलं बाळंतपण माहेरी. मला यात काही वाईट दिसत नाही, उलट पैशाच्या बाजूने बघितलं तर नाशकात कितीही भारी खोली घेतली तरी अमेरिकेच्या बिलाच्या जवळपास जात नाही, आणि आईच्या हातचं, मालिशवाली बाई, शेक-शेगडी हे तिकडे कुठून आणणार. पण येणार असेल तर लवकर ठरवा. २८ आठवड्यांनंतर विमान कंपन्या साधारणपणे डॉक्टरचं पत्र मागतात आणि ३६ नंतर बसू देत नाहीत, जुळं असेल तर त्याच्याही आधीच बंद. इथल्या पॉलिसीचं वेटिंग संपलेलं नसेल तर बिल रोखीने जाईल हे धरून चाला. यूएईचा रेसिडेन्स असेल तर सलग सहा महिने बाहेर राहिलं की तो सहसा रद्द होतो, म्हणून पाचव्या महिन्यात येऊन बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर जाऊ हे बसत नाही. आणि बाळाचा पासपोर्ट, व्हिसा होईपर्यंत बाप तिकडे एकटा मोबाईलवर बघत बसतो, हेही एकदा जावयाला विचारा की त्याला चालणार आहे का. मला विचाराल तर हा निर्णय दोघांच्या आयांनी मिळून घ्यायचा नाही.

त्याऐवजी तुम्हीच तिकडे जाणार असाल तर स्वतःचा विमा आधी बघा. बीपी-शुगर लपवून स्वस्तातली पॉलिसी काढून सुनेच्या डिलिव्हरीला गेलेले आजोबा तिथे स्वतःच ॲडमिट झाले तर मुलाने कुठल्या बिलाकडे बघायचं? अमेरिकेला जाताना फिक्स्ड बेनिफिटवाली पॉलिसी नको, प्रत्येक गोष्टीला ठरलेली छोटी रक्कम देते ती, कॉम्प्रिहेन्सिव्ह घ्या आणि जुन्या आजाराचं कलम मोठ्याने वाचून घ्या. डिंकाचे, अळिवाचे लाडू नेताय तर तिथे उतरल्यावर कस्टमला खाद्यपदार्थ आहेत असं सांगा. आणि ओवा-शेपूची धुरी तिकडच्या फ्लॅटमध्ये देऊ नका, छताला स्मोक अलार्म असतो, आमच्या ओळखीच्या एका काकूंनी दिली तर अख्खी बिल्डिंग खाली रस्त्यावर आणि समोर अग्निशमनची गाडी, सून ओली बाळंतीण, तीही चादर गुंडाळून खाली.

पैसे द्यायचे असतील तर डोहाळजेवणाला पाटल्या, बारशाला साखळी, चांदीचा वाळा यातलं थोडं कमी करा आणि तो आउट ऑफ पॉकेटचा आकडा निम्मा तरी डिलिव्हरीच्या आधी त्यांच्या खात्यात टाका. इथून बँकेतून रीतसर पाठवता येतात, रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे, आपल्याला तेवढे थोडेच लागणारेत. पॅन आणि ए-टू फॉर्म, म्हणजे पैसे बाहेर पाठवायचा अर्ज, लागतो, पहिल्या वेळी शाखेत बराच वेळ जातो, म्हणून ऐन वेळी धावू नका.

अजून एक, बाळ परदेशात जन्मलं आणि त्या देशाचं नागरिकत्व आपोआप मिळालं नाही, म्हणजे दुबई, जपान, बहुतेकदा जर्मनी आणि ब्रिटनसुद्धा, तर जन्मापासून एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत त्याची नोंद झाली पाहिजे, नंतर केंद्र सरकारची परवानगी लागते. आणि जे बाळ अमेरिकन पासपोर्टवर आहे त्याला जावळाला नाशिकला आणायचं तर त्याला भारताचा व्हिसा नाहीतर ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड, लागतं, आजी-आजोबा इथे आहेत म्हणून कोणी तसंच सोडत नाही.

माझ्या डेस्कला यायचं असेल तर खुशाल या, मी पॉलिसी विकत नाही आणि वाचून दाखवायचे पैसेही घेत नाही. फक्त दुपारी चारनंतर या, सकाळी डिस्चार्जची गर्दी असते. आणि मुलाकडून कंपनीच्या प्लॅनची पूर्ण पीडीएफ मागवून आणा, सगळी पानं असलेली, व्हॉट्सॲपवर अर्ध्या पानाचा तिरका फोटो आणि खाली 'बघ ना आई काय आहे हे' असलं काही आणू नका, त्यातून मला काहीच कळत नाही.

आपली,
कॅशलेस डेस्कवरची मॅडम,
नाशिक